उलट पिळाची बाही

"गळ्याला किती टाके उचलले होते?"

मुलगी बघायला आलेल्या मुलानं विचारायचा हा प्रश्न नव्हे. नाव काय, शिक्षण किती, भाकरी येते का, एवढंच विचारतात, आणि तेही मुलगा विचारत नाही, त्याच्याकडचं कुणीतरी वडीलधारं विचारतं. मी या सगळ्यांची उत्तरं घोकून बसले होते. हातात चहाचा ट्रे होता, मान खाली होती. आणि समोरच्या खुर्चीवरचा हा फौजी माणूस आमचा स्वेटर मांडीवर उलटा करून, गळ्यात अंगठा घालून मला टाके विचारत होता.

आता स्वेटर माझ्या नानीनं विणलेला होता. नानी म्हणजे माझी धाकटी चुलती. ती मिरजेला एका दवाखान्यात आया होती, तेव्हा तिथल्या नर्सबाईंकडून विणकाम शिकली. मला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. मी दुपार कलेपर्यंत बालवाडी घ्यायची आणि मग रात्रीपर्यंत शिवणाच्या मशीनवर बसायची. दिवसाला चार झंपर हातावेगळे करायची, आणि पाचवा का झाला नाही म्हणून स्वतःवरच चिडायची.

पण मध्यस्थानं सांगून ठेवलं होतं, की मुलाची आई गोजराबाई लवटे लोकरीच्या कामाची मोठी दर्दी आहे, पोरीनं केलेलं काही असेल तर पुढं मांडा. आमच्या आबांनी लगेच नानीचा स्वेटर काढला आणि "आमच्या मालननं केलाय" म्हणून ठेवून दिला. हे आमच्या माणदेशात सर्रास चालायचं. रुखवतात मांडलेल्या निम्म्या वस्तू शेजारपाजारच्या असायच्या आणि कार्य उरकलं की आपापल्या घरी परत जायच्या. कुणी खोदून विचारत नसे.

"मोजायला वेळ कुणाला असतो," मी म्हटलं. "हात आपसूक चालतो."

आबांनी घसा खाकरला. माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

"न मोजता गळा येतो?" त्यानं विचारलं.

"आलाय की. तुमच्याच हातात हाय."

तो हसला नाही, पण मिशीचं एक टोक हललं. मला तो आवडला, खोटं कशाला बोलू? त्याआधी तिघं बघून गेले होते. बाजारात शेळी बघतात तसं बघून गेले आणि पोरगी तोंडाळ आहे म्हणून कळवून मोकळे झाले. यानं माझ्याकडं धड बघितलंसुद्धा नव्हतं. नुसता स्वेटर बघत होता.

त्याची आई बाजूलाच बसली होती. उंच, काटक बाई, कपाळभर कुंकू. आल्यापासून तिच्या हातात चाती फिरत होती. चाती म्हणजे आमच्याकडची लोकर कातायची टकळी. आम्ही धनगर, मेंढरांमागं चालतानाही हातात चाती असते. पण सोयरीक जुळवायला आलेली बाई दुसऱ्याच्या ओसरीवर बसून कातते, हे मी पहिल्यांदाच बघत होते. तिनं चाती थांबवून कमरेला खोचली आणि पिशवीतून एक मोठा गुंडा काढला. काळसर, मध्येच तांबूस झाक मारणारं सूत.

"जावळाची लोकर हाय," ती म्हणाली. कोकरू पहिल्यांदा कातरतात त्या लोकरीला जावळ म्हणतात, तिच्याइतकी मऊ दुसरी नसते. "वरीसभर कातलीय. सिदू माझा बर्फाच्या मुलखात असतो. याचा त्याला स्वेटर करायचा, पुऱ्या बाह्यांचा. पोरगी मला पसंत हाय. पर सुपारी स्वेटर झाल्यावर फोडू."

"रजा किती हाय पावण्यांची?" आबांनी विचारलं.

"दोन महिने."

"दोन महिने कशाला," मी म्हटलं. "महिन्यात देते."

आतल्या दाराआड नानीनं कपाळावर हात मारल्याचा आवाज मला ऐकू आला.

पाहुणे गेल्यावर नानी म्हणाली, "काळजी करू नको. मी विणते, तू दे." मी काळजी करतच नव्हते. पण चौथ्या दिवशी पुण्याहून निरोप आला. नानीच्या लेकीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. नानी पहिल्या गाडीनं निघाली. जाताना मला टाके घालायला, सुलट विणायला आणि उलट विणायला शिकवून गेली. बाकी देवावर सोडून गेली.

मग मात्र माझं धाबं दणाणलं. स्वेटर झाला नाही तर सुपारी नाही, आणि खोटं उघडं पडलं तर भावकीत आबांची मान खाली. तीन नकार पचवलेली पोरगी, त्यात लबाड म्हणून नाव झालं तर चौथा कोण येणार? आणि खरं म्हणजे मला चौथा नकोच होता, हाच हवा होता.

मी सुया घेऊन बसले. मशीनवर बसावं तशीच बसले, म्हणजे एकदम सुसाट. दुकानची लोकर ओढली की ताणते. हे सूत ओढलं की तटकन तुटायचं. तुटलं की मी गाठ मारायची आणि पुढं धावायची. एके ठिकाणी सुतळीसारखं जाड, पुढच्याच वितीला दोऱ्यासारखं बारीक. पंधरा दिवसांत जे काही झालं ते पायपुसणं म्हणूनही कुणी दारात टाकलं नसतं. सासू व्हायच्या आधीच मी त्या बाईला मनातल्या मनात काय काय बोलून घेतलं.

चैत्र लागला होता. ज्वारी निघून रानं मोकळी झाली होती. आमच्या गावात खतासाठी शेतात मेंढरं बसवतात. त्या वर्षी पांढरीच्या रानात मेंढरं बसली ती नेमकी लवट्यांची, सिदूच्या थोरल्या भावाची. आणि रजेवर आलेला सिदू आपला मदतीला म्हणून मेंढरांमागं आला. आमची बालवाडी देवळाच्या पडवीत भरायची, आणि पांढरीचं रान देवळाला लागूनच होतं.

मी पोरांना सुकडी वाटत होते. मागून आवाज आला.

"माप द्यायला आलोय. छातीचं माप न घेताच स्वेटर सुरू केला म्हणं."

मी वळून बघितलं. खांद्यावर घोंगडी, हातात चाती.

"माप डोळ्यांनी घेतलंय," मी म्हटलं.

"बघू मग."

"काय?"

"बाकाखाली पायानं सारलंस ते."

दाखवण्यावाचून इलाज नव्हता. त्यानं ते वर धरलं, उजेडात फिरवलं.

"हे काय हाय?"

"पाठ."

"कुणाची?"

"तुमची."

"माझी पाठ एवढी वाकडी हाय?" एवढं बोलून त्यानं धाग्याचं टोक शोधलं आणि ओढलं. सरसर सरसर सगळं उसवत गेलं. पंधरा दिवसांचं काम माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या पायाशी पडलं. बालवाडीतली पोरं खूश होऊन टाळ्या पिटायला लागली.

"अक्कल हाय का तुम्हाला?" मी म्हटलं. सोयरीक वगैरे त्या क्षणी मी विसरले. "तुम्हाला काय कळतं विणकामातलं?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं, घोंगडीच्या घडीत हात घातला आणि सायकलच्या दोन तारा बाहेर काढल्या. तारांवर अर्धा मोजा लटकत होता. इतका नेटका मोजा, की माझा राग जागच्या जागी थिजला.

"हिमाचलात पोस्टिंग होतं," तो म्हणाला. "तिथं बाप्ये विणत्यात. बर्फ पडल्यावर दुसरं करायचं काय?"

"घरी ठाऊक हाय?"

"न्हाई. आपल्यात बाप्यानं चाती फिरवली तर चालतं. सुया धरल्या की गाव हसतं."

मला हायसं वाटलं. हे असं काही हातात असलं की मला नेहमीच बरं वाटतं.

"मग सांगते की गावाला."

"सांग. मी सांगतो तो स्वेटर कुणाचा ते."

मग मीच विचारलं, "कसं कळलं?"

"विणणाऱ्याच्या बोटाला घट्टा पडतो. तू ट्रे धरला होतास तवा बघितली बोटं."

म्हणजे माझ्याकडं बघितलंच नव्हतं असं नाही.

"मग मोडलं का न्हाई?"

"गळ्याचे टाके मोजायला वेळ नसतो म्हणालीस," तो म्हणाला. "अशी बाई घरात असली की घर गमतीचं राहील, असं वाटलं."

मी तो चान्स सोडला नाही. म्हटलं, "मग तुम्हीच विणून द्या. मी तोंड बंद ठेवते."

"वा. माझा स्वेटर मीच विणायचा तर लगीन कशाला करू? शिकवतो."

मेंढरं पांढरीत होती तोवर रोज दुपारी तो यायचा. पोरं सुकडी खाऊन पडवीत आडवी व्हायची. हा डावखुरा, सुकडीही डाव्या हातानं खायचा, म्हणून पोरं आधी त्याला हसायची आणि मग झोपायची. लोक येता-जाता बघायचे, पण त्यांना काय दिसायचं? मेंढक्या चाती फिरवत बसलाय आणि बालवाडीची बाई विणतेय. धनगराच्या हातातल्या सुताबद्दल कोण शंका घेणार?

पहिले दोन दिवस त्यानं मला सुयांना हातच लावू दिला नाही. म्हणाला, सूत नुसतं बोटांतून सोड.

"आई मेंढरांमागं चालत कातते. चढ लागला की सूत बारीक होतं. झाडाखाली टेकली की जाड. आणि इथं बघ."

बोटाखाली एक गुठळी आली.

"इथं तिला कुणीतरी हाक मारलीय."

मी हसले. पण त्यानंतर गुठळी आली की मी थांबायला लागले. कुणी बरं हाक मारली असेल? लांब बारीक सूत लागलं की कळायचं, बाई घाट चढतेय, इथं ओढायचं नाही, टाका सैल घ्यायचा. जाड आलं की बाई सावलीत बसलीय, आपणही जरा बसायचं. सूत तुटलं तर गाठ मारायची नाही, हे त्यानं शिकवलं. दोन टोकं जीभ लावून ओली करायची आणि तळहातावर तळहात चोळायचा. लोकर लोकरीला धरते.

"थुंकी?" मी म्हटलं. "तुमच्या आई हा स्वेटर हातात घेणार हायत."

"तिनं काय गुलाबपाणी लावून कातलंय?"

हळूहळू माझे हात मऊ पडले. मेंढीच्या लोकरीचा तुपकटपणा बोटांवर राहायचा, वास राहायचा, आणि मला तो आवडायला लागला. एका दुपारी चार-पाच ओळी व्हायच्या. रात्री घरी बसून आणखी चार बोटं कापड. तिकडं मशीनवर धूळ बसली. बाया दारात येऊन विचारायच्या, "मालन, झंपर कवा देतीस?" आणि मी, जिनं जन्मात कुणाला थांबायला सांगितलं नव्हतं, ती म्हणायची, "होईल की. घाई काय हाय?"

घाई होती. महिन्याची बोली केव्हाच उलटली होती, रजा संपत चालली होती. पण एकेक ओळ पूर्ण झाली की ती बोटांनी चाचपून बघायची आणि मगच पुढची घ्यायची, यात एवढं सुख असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आयुष्यभर मी कामं संपवत आले होते. हे काम संपू नये असं मला वाटायला लागलं, आणि ते काही नुसतं सुतामुळं नव्हतं. उगाच लाजून आता काय करायचंय?

पाठ झाली, पुढचा भाग झाला, उजवी बाही झाली. डावी बाही मनगटापासून कोपरापर्यंत आली आणि गुंडा सुपारीएवढा राहिला. सुपारी फोडायला नऊ दिवस होते.

मी गुंड्याकडं बघून रडले. "मी फार वाया घालवलं. पहिल्या पंधरा दिवसांत केवढं तोडलं."

"आईकडं जा आणि माग."

"आणि काय सांगू? हात आपसूक चालत होता म्हणून कमी पडलं?"

"सांग की."

"त्यापेक्षा तुम्ही चोरून आणा."

"आईचा गुंडा चोरायचा?" तो म्हणाला. "फौजेत सात वर्षं काढली. एवढी हिंमत अजून आली न्हाई."

मग त्यानं दुसरं काढलं. भावाच्या पालावर जावळाच्या लोकरीचं एक बाचकं होतं, त्याच काळ्या कोकरांचं. त्यातली मूठ-मूठ लोकर घोंगडीत घालून आणायला लागला. "कात," म्हणाला. मी धनगराची पोर, पण आबांनी मेंढरं माझ्या लहानपणीच विकली होती. चाती मी धरलेली नव्हती. इतके दिवस मी त्याच्यासमोर बसायची. आता हात नीट दिसावेत म्हणून शेजारी बसले. तो बोटांनी चातीला झटका द्यायचा, ती गरगर फिरायची, मी डोळे फाडून बघायची आणि तसंच्या तसं करायची. पहिल्या दिवशी सूत कमी आणि जटा जास्त निघाल्या. तिसऱ्या दिवशी सलग हातभर निघालं. सातव्या दिवशी मी एकटीनं कातलेल्या सुतावर बाही खांद्यापर्यंत गेली. त्यानं एक टाकासुद्धा घातला नाही. रंग तोच, जाडी जवळपास तीच. आम्ही दोघांनी ती दहा वेळा उलटसुलट करून बघितली आणि स्वतःवर भलते खूश झालो.

सुपारीच्या दिवशी वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. आमच्या ओसरीवर बैठक बसली. एका बाजूला आबा आणि भावकी, दुसऱ्या बाजूला सिदू, त्याचा थोरला भाऊ आणि मध्यस्थ. दाराशी सिदूच्या दोघी थोरल्या भावजया पदर सावरत उभ्या होत्या. मधोमध गोजराबाई, हातात अर्थातच चाती. मी स्वेटर त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो नाकाशी नेला, हुंगला, उलटा केला, गळ्यात अंगठा घातला.

"गळ्याला किती टाके?"

"शंभराला चार कमी," मी म्हटलं. या वेळी मोजले होते.

त्यांनी मान हलवली आणि स्वेटर सिदूकडं फेकला. "घाल."

"आई, एवढ्या उन्हात..."

"घाल म्हणते ना."

त्यानं घातला. क्षणात कपाळावर घाम आला. गोजराबाई उठून त्याच्याभोवती फिरायला लागल्या, बोट टाक्यांवरून सरकत होतं. पाठ झाली, पोट झालं, उजवी बाही झाली. डाव्या बाहीच्या कोपरावर बोट थांबलं. मला वाटलं गाठ सापडली, पण गाठ एकही नव्हती.

"हिकडं या," त्या भावजयांना म्हणाल्या. "बघा, काय दिसतंय?"

एकेरी सुताचं विणकाम अंगावर चढलं की पिळाच्या बाजूला कलतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सगळ्या स्वेटरचे टाके एका अंगाला कललेले होते. आणि डाव्या कोपरापासून वर खांद्यापर्यंत दुसऱ्याच अंगाला. बाही त्याच्या दंडाभोवती अशी फिरली होती, की आंधळ्यालाही दिसावं.

"हे सूत माझं न्हाई," गोजराबाई म्हणाल्या. "उलट्या पिळाचं हाय. आन् आमच्या घरात उलट्या पिळाचा हात एकच. घोंगडी विणणारा सणगर त्याचं सूत मागावर घेत न्हाई, परत धाडतो." त्या लेकाकडं वळल्या. "तू कातलंस?"

सिदूनं माझ्याकडं बघितलं. घाम आता मानेवरून ओघळत होता. थोरला भाऊ सावकाश म्हणाला, "तरीच म्हटलं, ह्यो रोज दुपारचा देवळाकडं का जातोय." आबांचा चेहरा उतरला. लग्नाआधी पोरगा आणि पोरगी रोज दुपारी भेटत होती, हे भावकीसमोर असं उघडं पडलं होतं. सिदूनं तोंड उघडलं. मला कळलं, हा आता सगळं स्वतःवर घेणार.

"मी कातलंय," मी म्हटलं.

"खोटं," गोजराबाई म्हणाल्या, आणि हातातली चाती माझ्यापुढं धरली. "कात."

मी खाली बसले. एवढी माणसं बघत होती, पण मला आठवत होती फक्त पडवी. मी लोकर उजव्या हातात धरली, डाव्या हातानं चाती घेतली आणि झटका दिला. चाती गरगरली. सूत निघालं. जाड, बारीक, मध्ये एक गुठळी, पण तुटलं नाही.

गोजराबाई वाकून बघत होत्या. "तू डावखुरी?"

"न्हाई."

"मग डाव्या हातानं का?"

तोवर मला स्वतःलाही कळलं नव्हतं की मी डाव्या हातानं कातते. मी हाताकडं बघितलं. मग त्याच्याकडं बघितलं. तोही माझ्या हाताकडं बघत होता, जणू आत्ताच दिसला.

"मला असंच येतं," मी म्हटलं. "ज्यानं शिकवलं त्याचा हात डावा हाय, म्हणून पीळबी उलटा. सूत मी कातलं, स्वेटर मी विणला. त्यांनी नुसतं दाखवलं. आन् पहिला स्वेटर माझ्या नानीचा होता. त्यातला एक टाकाबी माझा न्हाई."

आबांनी डोळे मिटून घेतले. मीही मिटले असते, पण चाती अजून फिरत होती आणि सूत तुटू द्यायचं नव्हतं.

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं," गोजराबाई म्हणाल्या. "मोजायला वेळ नसतो म्हणालीस तवाच." त्यांनी पिशवीत हात घातला आणि गुंडा काढला. तसाच काळसर, तांबूस झाक मारणारा, मूठभर मोठा. "हे त्यातलंच. मी मागं ठेवलं होतं. कोपराच्या पुढं पुरणार न्हाई एवढंच तुला दिलं. जी खरंच विणंल तिला कमी पडंल, आन् कमी पडलं की मागायला येईल. ह्या दोघींनाबी मफलरीला असंच कमी सूत दिलं होतं. दोघींच्या मफलरी आल्या, चांगल्या हातभर लांब आल्या. सूत मातूर कुणाला कमी पडलं न्हाई."

दाराशी थोरली भावजय एकदम छताकडं बघायला लागली. मधलीला खोकला आला.

"महिनाभर तुझी वाट बघितली," त्या मला म्हणाल्या. "मागायला का आली न्हाईस?"

"भ्याले."

"मला?"

"तुम्हाला."

त्या मोठ्यांदा हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होते. पुढच्या दोन दातांमध्ये चांगली फट होती.

"मला भेऊन नवं काम शिकली. वा गं पोरी." आणि मध्यस्थाकडं वळून म्हणाल्या, "बसलाय काय? सुपारी फोडा. आन् सिदू, काढ ते, उकडून मरशील."

लग्न दिवाळीनंतरच्या रजेत झालं. तो स्वेटर आमच्या ह्यांनी पुढं बारा हिवाळे घातला. फौजी माणसाला पत्रात गोड लिहिता येत नाही. थंडी फार आहे, जेवण ठीक आहे, आणि शेवटी नेहमी एक ओळ असायची, डावी बाही अजून उलटी फिरते. मी ती पत्रं कुणाला दाखवली नाहीत, आणि दाखवली असती तरी कुणाला काय कळलं असतं?

तो मागं ठेवलेला गुंडा आत्याबाईंनी मला लग्नानंतर दिला. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात. "बाही उसवू नको," म्हणाल्या. "ह्याचं तुला स्वतःला काय ते कर."

मी शाल घेतली विणायला. रोज दुपारी लिंबाखाली त्या कातायच्या आणि मी शेजारी बसून विणायची. दोन-चार ओळी, जास्त नाही. मध्येच त्या सूत माझ्या हातात देऊन विचारायच्या, "सांग, इथं काय झालं?" आणि मी बोट फिरवून सांगायची, इथं शेरडू सुटलं, इथं तुम्ही थोरलीवर ओरडला. वर्षं गेली, पोरं झाली, शाल काही होईना. येणारीजाणारी विचारायची, अजून विणतीसच का? मी दोन्ही जावांना मशीनवर दिवसात झंपर शिवून द्यायची, म्हणून त्यांना तर हे कोडंच होतं. दर थोड्या दिवसांनी मी म्हणायची, "आत्याबाई, सूत कमी पडलं." त्या नवीन गुंडा आणून द्यायच्या.

एकदा हळदीकुंकवाला लुगडं हवं म्हणून त्यांनी माझी ट्रंक उघडली. तळाशी पाच गुंडे होते, त्यांनीच दिलेले, एकालाही हात लावलेला नव्हता. मी दारातच उभी होते. त्यांनी गुंडे बघितले, मला बघितलं, लुगडं काढलं आणि ट्रंक लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लिंबाखाली जाऊन बसले. जरा धाकधूक होती, पण म्हटलं, विचारून तर बघू.

"आत्याबाई, सूत कमी पडलं."

त्यांनी कमरेची चाती काढली.

"बस मग," त्या म्हणाल्या. "कातते."